हिरवा टाका

मेनरोडच्या आतल्या गल्लीत आमचं दुकान सत्काराचं:
शाल, श्रीफळ, फेटा,
आणि ट्रॉफीवर नाव अर्ध्या तासात.
सव्वीस वर्षं मी शालींच्या घड्या घालतो.
घडी अशी हवी की उलगडणाऱ्याला
टोक शोधावं लागू नये;
हात अडखळला की फोटो बिघडतो.

फोन आला की कांतीशेठ एवढंच विचारतात,
"माणूस केवढ्याचा?"
अडीचशेचा असेल तर पिशवीत,
बाराशेचा असेल तर खोक्यात.
आणि खोका म्हटलं की आम्ही दोघंही
उगाच दाराकडे बघतो.

एका मोतिया शालीला, काठाच्या आतून,
मी हिरव्या दोऱ्याचा एक टाका घातला.
गंमत म्हणून की संशयाने, आता आठवत नाही.
ती गेली गंगापूर रोडच्या लॉन्सवर,
नगररचनेच्या साहेबांच्या खांद्यावर.
घालणारे अंबादास मुसळे, बांधकामवाले.

महिन्याने साहेबांचा ड्रायव्हर ज्ञानू
मागच्या दाराने गाठोडं घेऊन आला.
एकवीस शाली, नगाला चाळीस.
शेठनी मोजल्या, मी झटकल्या:
अत्तर, नॅप्थलीन, एकीवर श्रीखंडाचा डाग,
आणि मोतिया. टाका जागच्या जागी.

मधल्या काळात एवढंच झालं होतं
की गोदावरीच्या काठची निळी पूररेषा
कागदावर जराशी पाण्याकडे सरकली होती.
चौदा मजले मावतील, इतकीच.
नदीला कुणी कळवलं नाही.

धुतली, इस्त्री केली, पुन्हा खोक्यात.
आता ती मुसळ्यांच्याच अंगावर.
व्याख्यानमाला त्यांच्या पैशाची,
प्रवेशद्वाराला त्यांच्या आईचं नाव,
ट्रॉफीवर 'शब्दांचे आश्रयदाते'
(काना राहिला होता, मी परत कोरून आणला).
शाल घालायला कवी यशोधन खांबेटे.
उमेदीत त्यांनी एक कविता लिहिली होती
पुरात डबे शोधत फिरणाऱ्या बाईची;
आम्हाला पाठ होती.
त्या संध्याकाळी त्यांनी चंद्रावरच्या दोन वाचल्या.
ती वाचू नका, असं कुणीच म्हणालं नव्हतं.
कुणाला म्हणावंच लागलं नाही.
मी मागे, नारळांच्या पोत्यावर बसून होतो,
आणि मीही टाळ्या वाजवल्या.

मग ऑगस्ट.
दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं
की भांडीबाजारात कुणाला सांगावं लागत नाही.
मारुतीला सरकवता येत नाही कागदावर.
आमचा खालचा कप्पा गेला,
फेटे तरंगत सराफ बाजाराकडे निघाले,
मोतिया चिखलातून निघाली ती रंग सोडून.
तिसऱ्या धुण्याला बाराशेची अडीचशे झाली.

तेवढ्यात फोन:
रामकुंडावरचा पोरगा, सोमनाथ मोंढे,
पुरातून चौघांना ओढून काढलं, सत्कार आहे, आज संध्याकाळी.
"माणूस केवढ्याचा?" शेठनी विचारलं,
ऐकलं, आणि माझ्याकडे बघून
बोटाने ती दाखवली.

गणपती गेले. दिवाळी गेली.
गाठोडी येत राहिली मागच्या दाराने,
मी प्रत्येकीचा काठ उलटून पाहायचो.
ती आली नाही.

पौषातल्या एका बुधवारी घाटावरच्या बाजारात दिसली.
एक म्हातारी तिच्यावर जुनी कुलपं मांडून बसलेली,
पितळी, लोखंडी, काही अडसरासकट.
कोपरा दुमडला होता, मी वाकलो, उलटा केला.
"शाल इकायची न्हाई," ती म्हणाली.
"पोराला मिळालेली हाये. कुलपं बघा."

एक घेतलं, साठ रुपयांना.
किल्ली नव्हती त्याची.
दुकानात आलो तेव्हा फोन वाजत होता,
आणि शेठ जेवायला गेले होते.